पोस्टरवर कोणाचा चेहरा?

अमेरिकेतल्या मोठ्या चर्चच्या नोकरभरतीच्या जाहिराती चाळल्या, तर पाळक, संगीतप्रमुख, बालविभागप्रमुख यांच्या रांगेत ‘कम्युनिकेशन्स डायरेक्टर’ आणि ‘ग्राफिक डिझायनर’ ही पदंही सर्रास दिसतात. पगारी, पूर्णवेळ, पोर्टफोलिओ मागणारी. आपल्याकडच्या वाचकाला याचं नवल वाटेल. वर्षातून दोनदा फ्लेक्स लागतो, तो नाक्यावरचा डीटीपीवाला करून देतोच की, मग चर्चला डिझायनर कशाला? याचं उत्तर आकारात आहे. ‘फेथ कम्युनिटीज टुडे’ या पाहणीनुसार २०२० मध्ये अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या साप्ताहिक उपस्थितीचा मध्यक होता ६५. २००० साली तो १३७ होता. म्हणजे साधारण निम्म्या मंडळ्यांत आठवड्याच्या उपासनेला ६५ माणसंही जमत नाहीत. त्याच देशात दर आठवड्याला दोन हजार किंवा त्याहून जास्त उपस्थिती असलेली, ‘मेगाचर्च’ म्हणवली जाणारी चर्च दीड हजारांहून अधिक आहेत. ६५ जणांत कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ झालं, बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी आहे, हे दारात उभ्या उभ्या कळतं. पाच हजारांत ते कोणीतरी लिहून, मांडून, पडद्यावर दाखवून सांगावं लागतं. चर्च वाढतं तेव्हा आधी तुटते ती ही तोंडी बातमीची साखळी, आणि डिझायनरची खरी गरज तिथे उभी राहते. त्याच्या कामाचं मोल साखळी किती जुळली यावरूनच ठरायला हवं. ते गर्दीवरून ठरवायला लागलं की चर्च गोत्यात येतं, आणि गेल्या सत्तर वर्षांत याचे दाखले भरपूर मिळाले आहेत.

आधी हे काम असतं काय ते पाहू, कारण बाहेरून फक्त चकचकीत पोस्टर दिसतं. रविवार पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे आठवडा त्याच्याभोवतीच फिरतो. छापील किंवा ई-मेलने जाणारं बुलेटिन असतं. गाण्याच्या ओळी पडद्यावर येतात. त्यासाठी ‘प्रोप्रेझेंटर’सारखी खास सॉफ्टवेअर आहेत, आणि ओळ कुठे तोडायची हे गाणाऱ्याच्या श्वासावरून ठरतं, पडद्याच्या रुंदीवरून नाही. गीत दाखवायचं तर परवानाही लागतो. १९८८ पासून ‘सीसीएलआय’ ही संस्था चर्चना तो देते, आणि परवान्याचा क्रमांक पडद्यावर गीताखाली बारीक अक्षरांत द्यायचा असतो. पाळक चार-सहा आठवडे एकाच विषयावर उपदेशमाला घेणार असेल, तर तिचं शीर्षक, रंग, चित्र ठरतं आणि तेच मंचापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे वापरलं जातं. पण सगळ्यात बारकाईचं काम वेगळंच आहे. गाडी कुठे लावायची, आत कुठून शिरायचं, लहान मुलांची खोली कुठली, प्रसाधनगृह कुठे, या खुणांचं. मुलांना त्यांच्या विभागात सोडताना मूल आणि पालक दोघांना एकच सांकेतिक क्रमांक छापलेल्या चिठ्ठ्या मिळतात. घ्यायला येणाऱ्याने ती दाखवल्याशिवाय मूल हाती देत नाहीत. चर्चमधल्या डिझाइनचा हा सगळ्यात कमी देखणा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा नमुना आहे.

दुसरं काम संपादकाचं. तरुण संघ, महिला मंडळ, धान्यवाटप, विवाहपूर्व मार्गदर्शन, गायकवृंद, सगळ्यांना मंचावरून सूचना हवी असते आणि शक्य तर स्वतःचा लोगोही. सगळ्यांना होकार दिला तर पाच मिनिटांत बारा सूचना होतात आणि श्रोत्याच्या डोक्यात एकही उरत नाही. म्हणून शहाण्या कार्यालयात दंडक ठरलेला असतो: जे सगळ्यांना लागू आहे तेवढंच मंचावरून, बाकीचं त्या त्या गटाच्या ई-मेलवर किंवा फोनवर. नकार देणं हेच इथे कौशल्य आहे आणि त्यापायी रोषही पत्करावा लागतो. भाषेचंही तसंच. ‘सभा नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी’ अशी सूचना जुन्या सभासदाला पुरेशी असते. पहिल्यांदा आलेल्याला मात्र तिच्यातून एवढंच कळतं की हे आपल्यासाठी नाही. अशा ओळी शोधून त्यांत तारीख, खोली आणि विचारायचं कोणाला ते घालणं, याने जेवढे लोक टिकतात तेवढे चांगल्या छायाचित्रानेही टिकत नसावेत.

हा सगळा व्याप ऐहिक आहे, उपासनेत त्याला जागा नाही, असा आक्षेप ख्रिस्ती लोकच घेतात. इतिहास मात्र त्याच्या बाजूने नाही. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने मार्सेच्या बिशपला पत्रांतून बजावलं होतं की चर्चमधली चित्रं फोडू नकोस, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती आहेत. आगमनकाळ आणि उपवासकाळाचा जांभळा, नाताळ आणि ईस्टरचा पांढरा, पेंटेकॉस्टचा लाल, सामान्य काळाचा हिरवा, ही रंगांची शिस्त कुठल्याही कंपनीच्या ब्रँड-पुस्तिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि तिच्यामुळे निरक्षरालाही वर्षातला कुठला काळ चालू आहे ते कळतं. मराठीचा या इतिहासाशी थेट संबंध येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी पुढे ‘निर्णयसागर’ छापखाना उभा केला. आपण डोळे मिटून ‘निर्णयसागरी वळण’ म्हणतो, त्याच्या मुळाशी एका मिशनची संपर्काची निकड होती.

मात्र हाच इतिहास माझ्या म्हणण्यालाही अडचणीत आणतो. विटेनबर्गचा चित्रकार लुकास क्रानाख याने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या पुस्तिकांना नक्षीदार चौकटी दिल्या आणि १५२० मध्ये ल्यूथरचं संन्याशाच्या वेशातलं चित्रही कोरलं. पुस्तिकांवर ल्यूथरचं नाव ठळक, शहराचं नाव ठळक. ग्राहकाने लांबून ओळखावं अशी मांडणी. म्हणजे चेहरा पुढे करून धर्माचं काम पसरवणं पाचशे वर्षं जुनं आहे, मग आजच्या पाळकाच्या पोस्टरला नावं का ठेवायची? फरक मला असा दिसतो की क्रानाखच्या चौकटीच्या आत ल्यूथरचं लेखन होतं. वाचक ते विकत घेऊन घरी नेत होता, त्याच्याशी वाद घालत होता, उलट पुस्तिका छापत होता. चौकट मजकुराकडे नेणारी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जे घडलं त्यात चौकटच हळूहळू मजकुराच्या जागी येऊन बसली.

सुरुवात झाली ती कल्पकतेने. १९५५ मध्ये रॉबर्ट शूलर यांनी कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज इथे गाडीत बसून सिनेमा पाहायच्या मैदानावर उपासना सुरू केली. व्यासपीठ म्हणजे तिथल्या खाऊच्या दुकानाचं छप्पर. बिल हायबल्स यांनी शिकागोच्या उपनगरात घरोघर जाऊन लोक चर्चला का येत नाहीत ते विचारलं आणि १९७५ मध्ये एका सिनेमागृहात ‘विलो क्रीक’ सुरू केलं. पुढे बांधलेल्या त्यांच्या सभागृहात नवख्याला बुजायला होऊ नये म्हणून क्रूसही ठेवला नाही. रिक वॉरन यांनी १९८० च्या ईस्टरला ‘सॅडलबॅक’ची पहिली जाहीर उपासना घेतली, त्याआधी सुमारे १५ हजार घरांना पत्रं पाठवली होती. आले २०५ जण. वाढत्या चर्चच्या जगात हा आकडा विजयाचा म्हणून सांगितला जातो, आणि नव्या मंडळीसाठी तो होताही. पण त्याची दुसरी बाजू अशी की शंभर घरांत पत्र गेलं तर फार तर एक-दोन माणसं आली.

इथे सर्वांत रास्त आक्षेप येतो: आकर्षक जाहिरात नसेल तर नवा माणूस येईल कसा? प्यू रिसर्च सेंटरने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नवीन उपासनास्थळ शोधलेल्या अमेरिकनांना विचारलं होतं की त्यांनी काय पाहून निवड केली. ८३ टक्क्यांनी उपदेशाचा दर्जा महत्त्वाचा म्हटला, ७९ टक्क्यांनी तिथल्या धुरीणांनी केलेलं स्वागत. शोध घेताना ८५ टक्के लोक प्रत्यक्ष उपासनेला जाऊन आले होते, सुमारे सत्तर टक्के तिथल्या सभासदांशी बोलले होते. इंटरनेटवर माहिती शोधणारे ३७ टक्के होते. हा आकडा आज वाढलेला असणार, तरुणांत तर नक्कीच. पण वेबसाइटवर येणारा काय शोधतो? उपासनेची वेळ, पत्ता, मुलांची सोय, कुठल्या भाषेत चालतं. हे पहिल्या पडद्यावर सापडलं नाही आणि तिथे ड्रोनने टिपलेला व्हिडिओ फिरत राहिला, तर तो डिझाइनचा पराभव समजावा. माणूस माणसाच्या ओळखीने येतो. डिझायनरने त्याच्या वाटेतले खड्डे बुजवावेत.

गर्दी हेच माप मानलं की पुढे काय होतं, याची कबुली खुद्द विलो क्रीकने दिली. २००७ मध्ये त्यांनी ‘रिव्हील’ नावाने स्वतःच्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून श्रद्धेत वाढ होतेच असं नाही. ज्या चर्चने कार्यक्रम खपवण्याची कला जगाला शिकवली, त्यानेच हे छापावं याला धैर्य लागतं. सिएटलच्या ‘मार्स हिल’ची गोष्ट जास्त कडवट आहे. १९९६ मध्ये सुरू झालेलं हे चर्च एकाच पाळकाचा, मार्क ड्रिस्कॉल यांचा उपदेश व्हिडिओने अनेक ठिकाणी दाखवत वाढलं. त्यांच्या वागणुकीवरून वाद पेटला, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते वर्ष संपता संपता ती संस्था एक चर्च म्हणून उरली नाही. तिच्या शाखा स्वतंत्र झाल्या किंवा बंद पडल्या. विलो क्रीकमध्येही हायबल्स २०१८ मध्ये, गैरवर्तनाच्या महिलांनी केलेल्या आरोपांनंतर पायउतार झाले. आरोप त्यांनी नाकारले. शूलर यांच्या वाट्याला बदनामी नव्हे, कर्ज आलं. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी रचलेलं, दहा हजारांवर काचांचं ‘क्रिस्टल कॅथेड्रल’ १९८० मध्ये उभं राहिलं आणि २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती इमारत ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने पावणेसहा कोटी डॉलरला विकत घेतली.

यात ग्राफिक डिझायनरचा काय दोष, असं विचारता येईल. दोष नाहीच. पाळकाचं वागणं किंवा संस्थेचं कर्ज फॉन्टमुळे बिघडत नाही. पण पंधरा ठिकाणच्या पडद्यांवर एकच चेहरा, पुस्तकावर तोच, टी-शर्टवर त्याचीच वाक्यं, अशी रचना कोणीतरी बसून केलेली असते. आणि तो चेहरा कोसळला की शेजारच्या खोलीत नीट चाललेलं धान्यवाटपही त्याच्याबरोबर ढिगाऱ्याखाली जातं. उलटा दाखलाही मोठ्या चर्चमधूनच मिळतो. ओक्लाहोमातल्या ‘लाइफ.चर्च’ने जुलै २००८ मध्ये, आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं त्याच वेळी, ‘यूव्हर्जन’ हे बायबलचं अ‍ॅप फुकट आणलं. २०२१ पर्यंत ते पन्नास कोटींहून अधिक उपकरणांवर गेलं होतं. ते वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यामागे कुठलं चर्च आहे हे ठाऊकही नसेल. हेच चर्च आपल्या उपदेशमालांची चित्रं आणि व्हिडिओ इतर चर्चना मोफत देतं. विस्ताराची हाव इथेही आहे, नाही असं नाही. पण जे पसरलं ते वाचायचं पुस्तक होतं.

राहिला पैशाचा प्रश्न. अर्पणाचा पैसा गरिबाच्या ताटात जावा की डिझायनरच्या पगारात? लहान मंडळीत हा प्रश्न योग्यच आहे, तिथे हौशी सभासदाचं हातचं काम पुरतं आणि ते शोभतंही. मोठ्या मंडळीत मात्र धान्यवाटप कुठे, किती वाजता, कोणती कागदपत्रं लागतील, हे गरजूपर्यंत न पोचणं हा खर्च डिझायनरच्या पगाराहून महाग पडतो.

मुंबई, पुणे, अहिल्यानगर, वसई इथल्या वाढत्या मराठी मंडळ्यांच्या कार्यालयांतही आता प्रोजेक्टर आणि इन्स्टाग्रामचं खातं आलं आहे. त्यांनी अमेरिकेकडून काय उचलावं हे ठरवायला अजून वेळ गेलेला नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पाळकाचं धूसर छायाचित्र आणि खाली दोन इंग्रजी शब्द, हे उचलायला सगळ्यात सोपं. तेवढं सोडून द्यावं. त्याआधी गीतांच्या पडद्यावर जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते पाहावं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ यांसारखे मोफत मिळणारे देवनागरी फॉन्ट वापरावेत, मुलांची छायाचित्रं पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. आणि रविवारच्या शाळेच्या दाराशी मूल कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवणारी ती जुळ्या क्रमांकाची चिठ्ठी छापायला एक साधा प्रिंटर घ्यावा. लोगोचं नंतर बघता येईल.