सैनिकांची घड्याळे

सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या डोंगरांपर्यंतचा मुलूख सैनिकांचा मुलूख म्हणून प्रसिद्ध आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ वीर पहिल्या महायुद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. अशा मुलखात एखाद्या जुन्या पेटीत पदकांच्या शेजारी खिशातले घड्याळ सापडले, तर ते केवळ अडगळीची वस्तू समजू नये. अशी घड्याळे जमवून त्यांचा अभ्यास करणे हा अनेकांचा छंद आहे.

युद्धात वेळेचे मोल फार मोठे असते. तोफांचा मारा केव्हा थांबावा आणि पायदळाने केव्हा पुढे सरावे, हे आधीच ठरलेले असे. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश पायदळाचा मुख्य हल्ला सकाळी साडेसात वाजता सुरू झाला. अशा हल्ल्यापूर्वी अधिकारी आपापली घड्याळे एकमेकांशी जुळवून घेत. एखादे घड्याळ दोन मिनिटे जरी चुकले, तरी आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर पडण्याचा धोका असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला पुरविलेली अशी पुष्कळ घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेली होती. त्यांचे कवच सोन्याचांदीचे नसून साध्या धातूचे असे. मागील झाकणावर बाणाच्या टोकाची खूण, ‘जी. एस. टी. पी.’ ही अक्षरे व एक क्रमांक कोरलेला आढळतो. ही बाणाची खूण सरकारी मालमत्तेची होय. घड्याळ सैनिकाच्या खिशात असले, तरी त्याची मालकी सरकारची असे. म्हणूनच जाणता संग्राहक तबकडीआधी पाठीमागची बाजू पाहतो.

पुष्कळ जण हौसेने असे घड्याळ घासून लखलखीत करतात. तसे केल्याने खूण व क्रमांक झिजतात आणि घड्याळाची ओळखच पुसली जाते.

याहून मोठी चूक म्हणजे घड्याळ स्वतः उघडणे. अंधारात वेळ दिसावी म्हणून काही घड्याळांच्या आकड्यांना व काट्यांना रेडियमचा लेप देत. पुढे लेपातील चमकणारा पदार्थ निकामी होतो व उजेड नाहीसा होतो. परंतु रेडियम निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. त्याची धूळ पोटात वा फुप्फुसांत जाणे घातक असते. अमेरिकेतील कारखान्यांत हा लेप लावताना कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करणाऱ्या अनेक तरुणी १९२० नंतरच्या काळात आजारी पडून मृत्युमुखी पडल्या. म्हणून असे घड्याळ बंदच ठेवावे आणि दुरुस्ती जाणकाराकडूनच करवून घ्यावी.

घड्याळाबरोबर एक वहीही असावी. ते कोणाचे होते, तो सैनिक कोणत्या पलटणीत होता, कोठे लढला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तीत लिहावे. क्रमांक झाकणावर वाचता येतो. परंतु सैनिकाचे नाव बहुधा आजी-आजोबांच्या आठवणीतच असते, आणि ते वेळीच लिहून ठेवावे लागते.