जुने बिल्डिंग ड्रॉइंग स्कॅन करण्याचा व्यवसाय: पैसे स्कॅनिंगचे नाहीत, सापडण्याचे आहेत



आज भिवंडीतल्या एका अशा कामाबद्दल बोलूया, जे रोज डोळ्यांसमोर असूनही कुणाला धंदा वाटत नाही. सोसायटीच्या ऑफिसात, लूम कारखान्यात, गोदाम मालकाकडे एक कपाट असतं. त्यात इमारतीच्या नकाशांच्या गुंडाळ्या असतात. काहींना वाळवी लागलेली, काही अमोनिया प्रिंट इतके फिके झालेले की रेघ दिसत नाही. हे नकाशे कॉम्प्युटरवर नीट लावून देणं, हा तुमचा व्यवसाय होऊ शकतो.

गरज खरी आहे का?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली. ३५ हून अधिक माणसं गेली. नकाशे असते तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण अशा शहरात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट टाळता येत नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला तर कायद्यानेच स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो. इंजिनिअर आला की तो विचारतो, "आरसीसी ड्रॉइंग आहेत का?" नसतील तर कॉलममध्ये सळई किती आणि कुठे, हे त्याला यंत्राने किंवा प्लास्टर फोडून शोधावं लागतं. वेळही जातो, पैसाही जातो.

डीम्ड कन्व्हेयन्स, पुनर्विकास, बँकेचं कर्ज, गोदामाची फायर एनओसी अशा कामांतही मंजूर नकाशाची मागणी होते. तेव्हा सेक्रेटरी कपाट उपसत बसतात. तुमचा ग्राहक तिथे आहे.

तुम्ही नक्की काय विकताय?

इथे बरेच जण चुकतात. ते सांगतात, "आम्ही स्कॅन करून पेनड्राइव्ह देतो." पेनड्राइव्हमध्ये 'स्कॅन ००१' ते 'स्कॅन ६००' अशा फाईल्स असतील, तर कपाटातला गोंधळ फक्त पेनड्राइव्हमध्ये गेला. ग्राहकाला हवा असतो 'बी विंगचा दुसऱ्या मजल्याचा शेवटचा मंजूर नकाशा', आणि तोही एका मिनिटात. म्हणून तुमचा खरा माल आहे यादी, म्हणजे इंडेक्स.

साध्या एक्सेलमध्ये प्रत्येक शीटसाठी एवढं लिहा:

- इमारतीचं नाव आणि विंग
- सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर
- मंजुरी क्रमांक, तारीख आणि मंजुरी कुणाची (महापालिका हद्दीत भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, भोवतालच्या अधिसूचित गावांत एमएमआरडीए)
- प्रकार: आर्किटेक्चरल, आरसीसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, फायर
- मजला, स्केल, रिव्हिजन नंबर
- फाईलचं नाव आणि मूळ कागद कोणत्या कपाटात आहे

जुनं रिव्हिजन फेकू नका. फक्त शेवटचं मंजूर कोणतं, ते स्पष्ट लिहा. चुकीच्या नकाशावरून भिंत फोडली तर प्रकरण तुमच्यापर्यंत येईल!

स्कॅन करताना

रंगीतच करा. मंजूर नकाशात रंगाला अर्थ असतो. नवीन काम लाल, पाडायचं काम पिवळं, ड्रेनेज लाल तुटक रेघेत. ब्लॅक अँड व्हाइट केलं की तो अर्थ गेला.

ए-झिरो शीट ८४१ बाय ११८९ मिलिमीटरची असते. त्यासाठी ३६ इंची वाइड फॉरमॅट स्कॅनर पुरतो. ३०० डीपीआय ठेवा. अक्षरं बारीक असतील तर ४००. मूळ प्रत टिफमध्ये, रोजच्या वापराची पीडीएफमध्ये. ३०० डीपीआयला एक ए-झिरो शीट नुसत्या ग्रे रंगात, कॉम्प्रेस न करता, सुमारे १४० एमबी होते. रंगीत त्याच्या तिप्पट. हार्ड डिस्कचा खर्च आधीच धरा.

फाटकी शीट मशीनमध्ये घालू नका. सपाट टेबलावर ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. सेलोटेप तर अजिबात लावू नका. कागद वर्षानुवर्षं आखडतो, म्हणून स्क्रीनवर मोजलेलं माप खरं धरू नये, लिहिलेलं माप धरावं, हे ग्राहकाला लेखी कळवा.

दर कसा काढायचा?

समजा ६०० शीट आहेत. मशीनला एका शीटला दीड मिनिट लागतं, म्हणजे १५ तास. तुम्ही म्हणाल, दोन दिवसांचं काम. पण गुंडाळी उलगडणं, धूळ काढणं, नाव देणं, यादीत लिहिणं, तपासणं धरून दोघांना मिळून शीटमागे सहा मिनिटं लागली तर ६० तास होतात. रोज सात तास धरले तरी नऊ दिवस! दोन दिवसांचा दर देऊन नऊ दिवस राबाल. म्हणून आधी २० शीटचा नमुना करा, घड्याळ लावा, मग कोटेशन द्या. ऑटोकॅडमध्ये नव्याने काढून देणं हे वेगळं काम आहे, त्याचा दर वेगळा.

सुरुवातीला स्कॅनर विकत घेऊ नका. ठाणे-कल्याणला आर्किटेक्टसाठी प्लॉट काढणाऱ्या दुकानांत विचारा, शीटमागे दर ठरवा. पहिली चार-पाच कामं झाली की मशीनचं बघा.

विश्वास जपा

गोदामाचा नकाशा म्हणजे चोराला दिलेला पत्ता. म्हणून गोपनीयतेचा करार करा. शीट मोजून घ्या, मोजून परत द्या, दोन्ही वेळा सही घ्या. शक्यतो ग्राहकाच्या जागेवरच काम करा. स्कॅन ही कामाची प्रत आहे, सरकारी प्रमाणित प्रत नाही. म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नका, हेही सांगा.

आणि बॅकअप तीन ठिकाणी: ऑफिसात एक, क्लाउडवर एक, वेगळ्या इमारतीत एक. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फाईल्स जळाल्या, हे महाराष्ट्राने पाहिलंय. भिवंडीत गोदामांच्या आगी तर नेहमीच्याच.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या ३० वर्षं जुन्या एका सोसायटीत जा. सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा, "साहेब, आरसीसी ड्रॉइंग आत्ता दाखवता येईल का?" ते कपाटाकडे बघून गप्प बसले, तर तिथेच नमुन्याच्या २० शीट मागून घ्या.