रुग्णालयीन हस्तस्वच्छता : ज्ञान आणि व्यवस्था

रुग्णालयांत हातांवाटे पसरणाऱ्या संसर्गाची मीमांसा बहुधा अज्ञान व निष्काळजीपणा या दोन शब्दांत आटोपली जाते. ती अपुरी आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील दोन प्रसूतिविभागांपैकी पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली मातांच्या मृत्यूचे प्रमाण पहिल्यात शेकडा ११.४, तर दुसऱ्यात २.८ होते. १८४७ च्या मार्चमध्ये प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनप्रसंगी बोटास सुरी लागून वारले. त्यांच्या शवातील विकृती सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांत आढळणाऱ्या विकृतींसारख्याच होत्या. विच्छेदनगृहातून येणारे हातच रोग वाहून आणतात, असे अनुमान त्यावरून इग्नाझ सेमेलवाइस यांनी काढले आणि मेच्या मध्यास क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिलमधील शेकडा १८.३ हे मृत्युप्रमाण जूनमध्ये २.२ वर आले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील घटनेचा उल्लेख क्वचितच होतो. विभागात शिरताना सर्वांनी हात धुतले होते. पण पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या स्रवणाऱ्या कर्करोगाची रुग्ण होती. तिला तपासून, केवळ साबणाने हात धुऊन, मंडळी पुढे सरकली. त्या वेळी बाळंत झालेल्या बारांपैकी अकरा स्त्रिया दगावल्या. तेव्हापासून क्लोरिनने हात धुणे दारापाशी एकदाच नव्हे, तर प्रत्येक रुग्णागणिक आवश्यक ठरले.

खरी अडचण येथेच आहे. आधुनिक अतिदक्षता विभागात हातांच्या शुद्धीचे प्रसंग ताशी सुमारे वीस येऊ शकतात. साबणपाण्याने हात नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. नळापर्यंतची ये-जा निराळीच. म्हणजे तासातील वीस मिनिटे याच कामी! परिचारिकेस उपदेश करून हे गणित सुटत नाही. अल्कोहोलयुक्त द्रव मात्र खाटेपाशीच ठेवता येतो व २० ते ३० सेकंदांत काम भागते. (हात दृश्यतः मळलेले असल्यास, किंवा बीजाणुजन्य अतिसाराचा संशय असल्यास, साबणपाणीच हवे.)

जिनीव्हाच्या विद्यापीठीय रुग्णालयांत दिदिए पिते व सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीपासून हीच व्यवस्था, भित्तिपत्रके व निरीक्षण यांच्या जोडीने, अवलंबिली. नियमपालन तीन वर्षांत शेकडा ४८ वरून ६६ वर गेले. रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ वरून १९९८ मध्ये ९.९ वर उतरले. संसर्गनियंत्रणाचे इतर उपायही त्या काळात चालू असल्याने सर्व श्रेय हातांस देता येणार नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, साबणाने हात धुण्याचे प्रमाण फारसे बदललेच नाही. वाढ झाली ती अल्कोहोलच्या वापरात, आणि तीही परिचारिका व त्यांच्या साहाय्यकांकडून. डॉक्टरांचे नियमपालन होते तसेच तोकडे राहिले.