दोन विहिरींच्या मधोमध काय?

समजा, तुमच्या गावातील एका विहिरीत २० फुटांवर काळा पाषाण लागला आणि शेजारच्या विहिरीत ३० फुटांवर. मग त्यांच्या मधोमध तो किती खोल असेल? ‘२५ फूट,’ असे तुम्ही चटकन सांगाल. भूवैज्ञानिकही असाच अंदाज बांधतात. अनेक छिद्रांतील नोंदी संगणकाला पुरविल्या, की लांबी, रुंदी आणि खोली दाखविणारी खडकांची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते.

पण मध्येच खडक भंगून एक बाजू खचली असेल तर? तुमचे उत्तर चुकेल! अशा प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना गुरुत्वाकर्षणात किंचित फरक पडू शकतो, कारण सर्व खडकांची घनता सारखी नसते. म्हणून तो फरकही मोजतात.

कोयना परिसरात १९६७ साली मोठा भूकंप झाला. तेथील भंग बेसाल्टच्या थरांखाली दडलेले आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी हवाई मोजणी झाली, अनेक छिद्रे घेतली गेली. २०१७ मध्ये एक छिद्र सुमारे ३ किलोमीटर खोल गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला.

प्रतिकृती म्हणजे विचारपूर्वक केलेला तर्क. त्याची परीक्षा घेते ते नवे छिद्र. तुमच्या गावात विहीर खणतील तेव्हा पाषाण किती फुटांवर लागतो ते वहीत टिपून ठेवाल ना?