दोन अधोरेषांची गोष्ट

साध्या मजकुरातच खुणा घालून त्याची सजावट सांगावयाची, ही मार्कडाउनची युक्ती जॉन ग्रुबर यांनी २००४ साली पुढे आणली. शब्दाच्या अलीकडेपलीकडे अधोरेषा दिली, की तो तिरप्या ठशात उमटावा, असा संकेत. पण कोणी ‘रजा_अर्ज_नमुना’ असे फाइलीचे नाव लिहिले, तर? मूळची आज्ञावली अधोरेषांची जोडी तेवढी शोधी. शब्द मध्येच चालू आहे की संपला, हे पाहत नसे. परिणामी ‘अर्ज’ तिरपा होई, अधोरेषा गळून पडत आणि वाचकाच्या हाती भलतेच नाव येई. लिहिणाऱ्याचे अक्षर यंत्राने परस्पर बदलावे, हा दोष किरकोळ नव्हे.

यावर २०१४ साली पुढे आलेल्या कॉमनमार्क या नियमावलीने सोपा निर्णय दिला : अधोरेषेच्या दोन्ही अंगांस अक्षरे असतील, तर ती खूण नव्हे, नावाचाच भाग होय. परंतु एक गाठ सोडविताना दुसरी बसते. म्हणून त्या नियमावलीत सहाशेंहून अधिक नमुने दिलेले आहेत. प्रत्येक फेरफारानंतर ते सारे पुन्हा तपासून पाहावेत. मगच दुरुस्ती झाली असे म्हणावे.