ताटामागची धावपळ

आयुष्यातली अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. हॉटेलात शिरला की तो आधी खुर्च्या मोजतो आणि मेनूकार्ड नंतर वाचतो. खुर्च्या किती, त्या दिवसातून किती वेळा भरतात, गल्ल्यावर कोण बसलंय, जागा स्वतःची की भाड्याची, असा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. चार कादंबऱ्या लिहून झाल्या, निवृत्तही झालो, पण माझी ही खोड काही गेली नाही. आमची सौ. म्हणते, ‘अहो, तुम्ही जेवायला आलात की कर्ज मंजूर करायला?’

२०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे तोक्योला गेलो, तेव्हा इतर सामानाबरोबर ही खोडही गेलीच.

मुलाचं बिऱ्हाड एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईला. इथून तोझाई लाइनच्या गाडीत बसलं की थेट ओतेमाचीला, म्हणजे बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या भागात उतरता येतं. त्यामुळे २००० सालच्या सुमारापासून संगणकाच्या कामासाठी आलेली आपली मुलं इथेच वस्तीला राहिली. संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभं राहावं तर हमखास मराठी कानावर पडतं. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ साली याच एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले होते.

दिवसा मात्र घर रिकामं. मुलगा आणि सून कचेरीत, नात शाळेत. सौ. पक्की शाकाहारी. ती आपली वरणभात करून खायची. मी रत्नागिरीकडचा. मासळीचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळतात. तिसऱ्याच दिवशी असा वास काढत एका गल्लीत शिरलो आणि एका लाकडी सरकत्या दारापुढे थांबलो. दारावर निळा कापडी पडदा होता. याला ‘नोरेन’ म्हणतात. पडदा बाहेर लटकलेला असला की दुकान उघडं आणि आत घेतला की बंद, इतका साधा मामला.

आत नऊ स्टुलं. टेबल एकही नाही, फक्त एक लांब फळी. पलीकडे चूल, मोठालं भाताचं भांडं आणि दोन माणसं. पंचाहत्तरीला टेकलेला नवरा आणि त्याच वयाची बायको. नेहमीची गिऱ्हाइकं नवऱ्याला ‘ताइशो’ अशी हाक मारतात. त्याचा अर्थ सेनापती! सेनापतींच्या कमरेला मागून गाठ मारलेला एप्रन होता. मालकीणबाईंना ‘ओकामी-सान’ म्हणायचं.

भिंतीवर कागदाच्या पट्ट्यांवर पदार्थांची नावं लिहिलेली. मला एक अक्षर वाचता येईना. मी शेजारच्या गृहस्थाच्या पुढ्यातल्या ताटाकडे बोट दाखवलं. सेनापतींनी मान डोलावली आणि दहा मिनिटांत माझ्यापुढे तसंच ताट आलं.

या जेवणाला ‘तेइशोकु’ म्हणतात. सोप्या मराठीत राइसप्लेट. एका तबकात भाताचा वाडगा, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. माझ्या तबकात ‘साबा’ होता, आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. मीठ लावून आचेवर भाजलेला, बाजूला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याची छोटी टेकडी आणि लिंबाची फोड. ना हळद, ना तिखट, ना कोकम. पहिल्या घासाला वाटलं, हे तर आजाऱ्याचं जेवण. चौथ्या घासाला कळलं की आजवर आपण बांगडा खात होतो तो बराचसा मसाला खात होतो. भात आंबेमोहोराची आठवण करून देणारा, मऊ आणि चिकटसर. काकडीचं लोणचं भाताच्या कोंड्यात मुरवलेलं. हा कोंडा रोज हाताने खालीवर करावा लागतो, एखादा दिवस विसरलं तर बिघडतो, हे मला पुढे कळलं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे एकटा जेवणारा माणूस दिसला की लोकांना त्याची कीव येते. ‘अरेरे, घरी कोणी नाही वाटतं?’ असे भाव चेहऱ्यावर उमटतात. त्या नऊ स्टुलांवर बहुतेक सगळे एकटेच असायचे. शेजाऱ्याकडे कोणी वळून बघत नव्हतं, आणि तरी कोणी एकाकी वाटत नव्हतं. तबकच मुळी एका माणसासाठी मांडलेलं. त्यात कुणी जोडीला हवं होतं असं वाटायला जागाच नाही.

बिल झालं ८५० येन, आपले सुमारे पाचशे रुपये. तोक्योच्या मानाने हे स्वस्तच. हजाराची नोट पुढे केली. ही नोट जुलै २०२४ मध्ये नवी निघाली. तिच्यावर कितासातो शिबासाबुरो यांचं चित्र आहे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध घेणाऱ्या दोघांपैकी ते एक, दुसरा येर्सिन. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत आला आणि १८९७ साली पुण्यात त्याने काय हाहाकार केला ते आपण शाळेत शिकलोय. दहा हजारांच्या नव्या नोटेवर तर शिबुसावा एइइची आहेत, १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक काढणारे. बँकवाल्याचं चित्र नोटेवर बघून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! पण मुलाने सांगितलं की याच नव्या नोटांपायी छोट्या खाणावळींची पंचाईत झाली. पुष्कळ ठिकाणी दाराशी कूपन देणारं यंत्र असतं. ते नव्या नोटा ओळखेना, आणि बदलायचं म्हणजे मोठा खर्च. आमच्या सेनापतींकडे यंत्र नव्हतं, पैसे ठेवायची एक छोटी तबकडी होती. त्यामुळे ते वाचले.

मग मी तिथे जवळजवळ रोज जाऊ लागलो आणि ती खोड जागी झाली. दुपारी नऊ स्टुलं तीनदा भरतात, म्हणजे सत्तावीस ताटं. रात्रीची धरून चाळीस. चाळीस गुणिले ८५०, दिवसाचे ३४ हजार येन. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेआठ लाख. आता दुसरी बाजू. सकाळी सातला दोघं कामाला लागतात, रात्री नऊला भांडी घासून संपतात. दिवसाचे चौदा तास, दोन माणसं, पंचवीस दिवस. झाले सातशे तास. तोक्योत तेव्हा कायद्याने किमान वेतन होतं तासाला १,१६३ येन. गुणाकार केला, आठ लाख चौदा हजार!

मी कागद उलटा करून पुन्हा गुणाकार केला. म्हणजे या दोघांनी स्वतःला नुसता किमान पगार लावला, तरी जवळजवळ सगळी विक्री त्यातच संपते. मासळी, तांदूळ, गॅस, वीज, कर यांना काही उरतच नाही. त्यातून त्या वर्षी जपानात तांदूळ कडाडला होता. पाच किलोची पिशवी वर्षभरात जवळपास दुप्पट महाग होऊन चार हजार येनांवर गेली होती. सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला. तरीही सेनापतींच्या दुकानात भाताचा दुसरा वाडगा फुकट होता.

माझ्यापुढे हे प्रकरण कर्जासाठी आलं असतं तर मी काय शेरा मारला असता, ते मला नीट ठाऊक होतं.

एका शनिवारी दहा वर्षांच्या नातीला घेऊन गेलो. ती तिथली भाषा पाण्यासारखी बोलते. ओकामी-साननी तिला विचारलं, आजी कधीच का येत नाही? नातीने सांगून टाकलं, ‘आजी मासे खात नाही, आणि तुमच्या सारातसुद्धा मासा असतो.’ खरंच आहे ते. मिसोच्या साराचं मूळ पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. ओकामी-सान काहीतरी पुटपुटल्या. नात म्हणाली, ‘आजोबा, पुढच्या शनिवारी आजीला घेऊन या म्हणतायत.’

सौ. कुरकुरत आली. तिच्यापुढे एक वेगळं तबक आलं. सार होतं समुद्रातली ‘कोंबू’ वनस्पती आणि वाळवलेली शिताके अळिंबी रात्रभर भिजवून काढलेलं. तिळाच्या कुटातला पालक, भाजलेलं वांगं, थंडगार तोफू, भात, लोणचं. सौ.नं वांग्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘फोडणी नाही, पण भरताच्या वांग्याची चव आहे हो!’ बिल झालं तेच, ८५० येन. रात्री भिजत घालण्याचे, सकाळी लवकर उठण्याचे, वेगळं पातेलं घासण्याचे पैसे त्यात कुठेच नव्हते.

निघताना नात हात जोडून म्हणाली, ‘गोचिसोसामा देशिता!’ इथे जेवून उठताना प्रत्येकजण हे म्हणतो. मी मुलाला अर्थ विचारला. त्यातल्या ‘चिसो’ या शब्दाची दोन्ही चित्राक्षरं धावण्याची आहेत. पाहुण्याचं ताट वाढायचं म्हणून यजमानाने जी धावपळ केली, तिचे आभार! जेवण छान झालं हे त्यात आलंच, पण पहिला मान धावपळीला.

हे ऐकलं आणि मला एकदम लालबाग आठवलं.

१९८२ साली मी बँकेत लागलो. गिरणी कामगारांचा संप त्याच जानेवारीत सुरू झाला होता. माझी शाखा गिरणगावात. तिथल्या खाणावळी बायकाच चालवायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस कामगारांचा स्वयंपाक, पैसे महिन्याच्या पगारावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेची वाट दाखवली. चार टक्के व्याजाची छोटी कर्जं होती ती. संप लांबला, पगार थांबले, तशी हप्त्यांची थकबाकी झाली. १९८३ च्या पावसाळ्यात साहेबांनी मला एका बाईकडे वसुलीला पाठवलं. कर्ज पंधराशे रुपयांचं.

बाईंनी वही पुढे ठेवली. तिच्यात नुसती येणी होती. निम्मी गिऱ्हाइकं गावी निघून गेली होती, उरलेल्यांना ती उधारीवर जेवू घालत होती. मी विचारलं, ‘मग हे बंद का करत नाही?’ ती म्हणाली, ‘पोरं उपाशी झोपतील की, साहेब.’ मी उठलो तर म्हणाली, ‘भर दुपारचं असंच काय जाता? दोन घास खाऊन जावा.’ भाकरी, सुकटीचं कालवण आणि कांदा. भूक लागली होती. मी पोटभर जेवलो. मग शाखेत येऊन अहवाल लिहिला : ‘व्यवसाय किफायतशीर नाही. वसुलीची शक्यता कमी. नवे कर्ज देऊ नये.’

अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. पण एक आकडा नव्हताच. त्या बाईचे पहाटे चारपासूनचे तास मी कुठेच धरले नव्हते. ते धरले असते तर दिसलं असतं की त्या धंद्यात सगळ्यात मोठं भांडवल तिचं होतं आणि आमचे पंधराशे रुपये त्यापुढे चिल्लर होते. पुढच्या वर्षी त्या खोलीला कुलूप दिसलं. बाई कुठे गेली ते मी विचारलं नाही. जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचं, हे मला आजीने लहानपणी शिकवलं होतं. तेही मी त्या दिवशी म्हटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी नातीमार्फत सेनापतींना विचारलंच, तुमच्या हिशेबात तुम्हा दोघांचा पगार लिहिता का? ते खो-खो हसले. म्हणाले, घर वडिलांचं, वर राहतो, खाली दुकान, भाडं नाही. मुलगा कंपनीत आहे, तो हे करणार नाही आणि त्याने करूही नये. गुडघे चालतायत तोवर आम्ही आहोत. ओकामी-सान हसल्या नाहीत. त्या कोंड्याच्या भांड्यात हात घालून लोणचं खालीवर करत होत्या.

त्या नऊ स्टुलांचं पुढे काय होणार ते उघड आहे. स्वस्त जेवण म्हणजे कुणीतरी आपली मजुरी न मागता वाढलेलं जेवण. मागणारा आला की भाव वाढतो, आणि न मागणारा थकला की पडदा आत जातो. त्यात तोक्यो काय आणि लालबाग काय.

परत आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्राने पोळीमागे दोन रुपये वाढवले. सोसायटीत मोठी चर्चा झाली. ‘लूट चाललीय’ इथपर्यंत मंडळी गेली. मी घरून कागद आणला आणि गच्चीवरच्या बैठकीत सगळ्यांदेखत हिशेब मांडला : पोळ्या किती, बायका किती, तास किती. गुणाकार संपला तेव्हा कोणी फारसं बोललं नाही.

संध्याकाळी पोळ्या आणायला मीच गेलो. पैसे दिले आणि काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, ‘अन्नदाता सुखी भव.’

त्या दचकल्या. ‘काका, काही चुकलं का?’

‘नाही हो,’ म्हटलं, ‘जुनी बाकी होती.’