नववीतलं तपासणी कार्ड आणि दहावीतला जादा तास

ज्यांना ऐकायचंय त्यांनी प्ले दाबा. ज्यांची रेंज वाणगावच्या पुढे गेली की गायब होते, त्यांच्यासाठी पूर्ण भाग खाली लिहून दिलाय. बोललोय तसंच लिहिलंय, फक्त माझे "अ‍ॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.

मागच्या भागानंतर नरपडमधून एक व्हॉइस नोट आली. ताई म्हणते, "दादा, माझा भाऊ नववीत आहे. त्याला सिकलसेल आहे. मधूनमधून हातपाय इतके दुखतात की आठवडाभर शाळा बुडते. बोर्डात अशा मुलांना वेळ जास्त देतात असं कोणीतरी म्हणालं. खरंय का? आणि सांगायचं कोणाला?"

खरंय. सिकलसेलच्या रुग्णाला दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. मराठीचा पेपर तीन तासांचा, म्हणजे पूर्ण एक तास जास्त. गणिताचा एकेक भाग दोन तासांचा, तिथे ४० मिनिटं. पण हा वेळ आपोआप मिळत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन "मला सिकलसेल आहे" म्हटलं तर केंद्रसंचालक काही करू शकत नाहीत, त्यांच्याकडे विभागीय मंडळाची परवानगी आलेली असावी लागते. ती परवानगी येण्यासाठी जी कागदांची साखळी लागते, तिची पहिली कडी शाळेतल्या आरोग्य तपासणीत असते. आजचा भाग या साखळीवर.

आधी दहावी पास व्हायला काय लागतं ते पटकन. सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी किंवा अंतर्गत. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे ४०-४० चे दोन पेपर आणि वर २० अंतर्गत. पास व्हायला विषयात १०० पैकी ३५. टक्केवारी मात्र ज्या पाच विषयांत सर्वांत जास्त गुण असतील त्यांची काढतात, तेच आपलं 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. शिवाय काही विषयांना गुण नसतात, श्रेणी असते, आणि त्यातला एक आहे 'आरोग्य व शारीरिक शिक्षण'. मला याची गंमत वाटते. गुणपत्रिकेवर आरोग्याची श्रेणी छापून येते, पण मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे याचा त्या श्रेणीशी काही संबंध नसतो.

याशिवाय एक अट आहे, जी जूनमध्ये कोणालाच आठवत नाही. वर्गात ७५ टक्के हजेरी लागते. दुखण्यामुळे हजेरी कमी पडली तर सूट मिळू शकते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव जातो आणि सोबत वैद्यकीय कागद जोडावे लागतात. म्हणून ताई, भावाला दवाखान्यात दाखल केलं की डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्या. फेब्रुवारीत जमवायला बसलात तर अर्धे कागद पावसात भिजलेले सापडतात.

आता दुसरी बाजू, शाळेतली तपासणी. पांढरी गाडी येते, दोन डॉक्टर उतरतात, वजनकाटा आणि डोळे तपासायचा तक्ता बाहेर येतो. आपण सगळे "इंजेक्शन देणारेत" म्हणून मागच्या बाकाखाली लपायचो. या योजनेचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ ला तिचं राष्ट्रीय उद्घाटन झालं, आणि ते दिल्लीत नाही तर आपल्या पालघरला झालं. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे अख्ख्या देशातल्या शाळांमध्ये जी गाडी फिरते, तिची सुरुवात आपल्याकडून झाली. डहाणू-तलासरीतल्या किती पोरांना हे माहीत असेल?

गाडीतल्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्या यादीत येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर किंवा अपंगत्व, अशा चार गटांत पाहणी होते. काही आढळलं तर पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते, आणि तिथून पुढचे उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा, मोफत.

अडचण "वर्षातून एकदा" या शब्दांत आहे. गाडी आली त्या दिवशी पोरगं गैरहजर असेल तर पुढची गाडी पुढच्या वर्षी. आपल्याकडे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं नेमकी अशी सुटतात. आणि गंमत बघा, सिकलसेलवाला मुलगा दुखतंय म्हणून घरी असतो, त्यामुळे ज्याला तपासायचं तोच त्या दिवशी वर्गात नसतो. असं झालं तर वाट बघू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, तलासरीकडच्यांनी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी फुकट असते.

हा आजार आहे काय, तेही सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फार कचरा फिरतो. रक्तातली लाल पेशी गोल आणि लवचिक असते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग हाडं-सांधे असे दुखतात की पोरगं रडतं. हा स्पर्शाने होत नाही, कोणाच्या नजरेनेही नाही. आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल 'वाहक', रिपोर्टवर 'ए एस'. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर रुग्ण, 'एस एस'. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक, पहिलं झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही.

भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. वाहकांना मलेरियाचा जोर कमी लागतो, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता त्या भागांत हा दोष टिकून राहिला. आपली वारली, कोकणा, काथोडी वस्ती त्याच पट्ट्यात येते. यात लाजण्यासारखं काय आहे? पण लग्न जमणार नाही या भीतीने लोक रिपोर्ट पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवतात, आणि तोच कागद दहावीला लागतो.

आता साखळी. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात पहिली होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती फक्त "दोष आहे" एवढं सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. म्हणून पुढची पक्की चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. बरीच कुटुंबं पहिल्या चाचणीवर थांबतात. थांबू नका, कारण सवलत रुग्णाला आहे, वाहकाला नाही, आणि तुम्ही कोण ते दुसऱ्या कागदावरच लिहिलेलं असतं.

पक्का रिपोर्ट हातात आला की अधिकृत प्रमाणपत्र. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जी २१ अपंगत्वं आहेत त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग तपासणीची तारीख मिळते. प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या स्तरावरचं लागतं, खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर भागत नाही. तलासरीतली बरीच मंडळी उपचाराला उंबरगाव-वापीला जातात. तिथले रिपोर्ट फेकू नका, फाईलला लावा. अर्ज मात्र आपल्या जिल्ह्यातून केलेला सोपा पडतो.

प्रमाणपत्र आलं की मुख्याध्यापकांकडे सवलतीचा अर्ज द्यायचा. शाळा तो प्रस्ताव मुंबई विभागीय मंडळाकडे, म्हणजे वाशीला पाठवते. मंजुरीचं पत्र शाळेत येतं, ते परीक्षा केंद्रावर जातं. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, हॉल तिकिटाच्या मागेच.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, तर माझ्या भाषेत सांगायचं झालं तर इथे दोन सिस्टिम आहेत. एकीला मुलाचं रक्त माहीत आहे, दुसरीला त्याचा सीट नंबर. त्यांच्यात वायर नाहीये. ती वायर म्हणजे तुम्ही, हातात प्लॅस्टिकची फाईल घेऊन उभे. मला हे पटत नाही. पंधरा वर्षांचं पोरगं आणि मजुरीला जाणारे आईबाप यांच्यावर एवढी पळापळ का? पण आज व्यवस्था अशी आहे, तर तिच्या तारखा पाठ करून ठेवलेल्या बऱ्या.

तारखा म्हणजे काय, तर दहावीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे भरले जातात. त्याआधी प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्राला दोन-तीन फेऱ्या होणार, प्रत्येक फेरीत एक मजुरी बुडणार. मागे मोजत या, म्हणजे नववीच्या उन्हाळी सुट्टीत अर्ज झालेला असायला हवा. परीक्षाही हल्ली लवकर येते. २०२५ मध्ये दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली, बारावी ११ फेब्रुवारीला. म्हणून म्हणतोय, ताई, भाऊ नववीत आहे ही चांगली गोष्ट आहे. तुमच्याकडे वेळ आहे.

सिकलसेल नसलेल्यांनीही फोन बंद करू नका. शाळेच्या तपासणीत सर्वांत सहज सापडणारी गोष्ट म्हणजे डोळ्यांचा नंबर. फळा दिसत नाही म्हणून पोरगं 'ढ' ठरतं आणि चष्मा लागला की वर्गात उत्तरं द्यायला लागतं. याला जादा वेळ नाही, पण फुकट चष्म्याची सोय आहे, विचारा. वाचन-लेखनात सतत अडखळणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून बोर्डाच्या सवलती आहेत. त्याच्या चाचण्यांसाठी मुंबईचं सायन हॉस्पिटल जुनं आणि नावाजलेलं ठिकाण. डहाणू रोडहून लोकलने जायचं म्हणजे दिवस गेला. त्यात घरी वारली बोलणारं मूल प्रमाण मराठीत अडखळलं, तर तो डिस्लेक्सिया की नवी भाषा, हे ओळखायला तपासणाऱ्याला वारली बोलणाऱ्यांची थोडी तरी माहिती हवी. घरात मूल कोणती भाषा बोलतं, हे तिथे गेल्यावर स्वतःहून सांगा.

सोमवारी शाळेत मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची असते. जेवल्यावर घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं. पण सिकलसेलचा रुग्ण असेल तर ती सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. त्यांना द्यायची औषधं वेगळी असतात.

परीक्षेच्या दिवसांत सिकलसेलवाल्यांनी पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि अंग तहानू देऊ नका, कारण पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. थंडी, ताप, जास्त दमछाक यांनीही तेच होतं. पीटीच्या सरांना आधीच कल्पना द्या, श्रेणीसाठी उन्हात धावायची गरज नाही. छातीत दुखलं, दम लागला किंवा ताप चढला तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ लावा. परीक्षेचं टेन्शन झोपू देत नसेल तर टेली मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि एवढं करूनही पेपरच्याच आठवड्यात दुखणं उठलं तर? जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणीचा फॉर्म भरताना शाळेला सवलतीचं पुन्हा विचारा, "मागे मंजूर झालंय" असं गृहीत धरू नका.

पुढच्या भागात अकरावी प्रवेश. तुमच्या शाळेत गाडी शेवटची कधी आली होती, ते व्हॉइस नोटने कळवा. गावाचं नाव सांगा, मुलाचं नको.